बाप्पाकडे पाठ

रविवार, १ जून. सकाळी ६.१०
अथर्वशीर्ष झालं. मन शांत. पदाचा मोह आहे का, हे आज पुन्हा तपासून पाहिलं. नाही.
तरी नोंद असावी म्हणून लिहितो. युट्रेख्टच्या आपल्या मराठी मंडळात मी अकरा वर्षं उपाध्यक्ष. हरिहरकाका चौदा वर्षं अध्यक्ष. दरवर्षी म्हणतात, "विश्वासा, पुढच्या वर्षी तूच." आमच्याकडे गणपतीच्या पूजेला अध्यक्ष जोडीने बसतात. उपाध्यक्ष आरतीच्या वेळी स्टुलावर चढून स्मोक अलार्मखाली पुठ्ठा हलवतो, कापराच्या धुराने तो वाजू नये म्हणून. बाप्पा हॉलच्या एका टोकाला, अलार्म दुसऱ्या टोकाला दारावर. त्यामुळे अकरा वर्षं मी आरती पाठमोरा उभा राहून म्हटली.
यंदा काका नक्की सोडणार. गुडघे.

बुधवार, ४ जून
स्किपोल विमानतळाच्या वेअरहाऊसमध्ये माझ्या शिफ्टला एम्रे असतो, मूळचा तुर्की. त्याने एका ऑटोमन युवराजाचं चरित्र वाचायला दिलं. आश्चर्य! त्या घराण्यात गादी मुलाला नाही, घराण्यातल्या वयाने मोठ्या पुरुषाला मिळायची. म्हणजे आपलाच रिवाज. मात्र सुलतानाला वाटायचं, नियम बदलून आपला मुलगाच बसवावा. आणि युवराज बिचारा महालात बसून वाट पाहायचा, कोण कोणाशी कुजबुजतंय यावर लक्ष ठेवायचा.
चाळीस पानं झाली. पुढे वाचायची गरज वाटत नाही. सार कळलं.

रविवार, ८ जून
काकांचा मुलगा सौमित्र नायमेखनहून मीटिंगला आला. वय चौतीस, चिपच्या कंपनीत. मंडळासाठी अ‍ॅप करून आणलंय. तो दाखवत होता आणि काका त्याच्याकडे एरवी फक्त मोदकाकडे बघतात तसे बघत होते. मला म्हणाला, "विश्वासकाका, तुम्ही तर मंडळाचा चालता-बोलता इतिहास!" सगळे हसले. मीही हसलो. हॉलच्या दारापर्यंत.
संकल्प: रोज अकरा आवर्तनं. चहा दोनच. सौमित्रबद्दल वाईट विचार करायचा नाही. (शेवटचा उद्यापासून.)

गुरुवार, १९ जून
युक्ती सुचली. देवघरासमोर सुचली, म्हणजे त्याचीच इच्छा असणार. त्या ऑटोमन साम्राज्यातही तेव्हा सुधारणांचे दिवस होते. मग युवराजानेच सुधारक का होऊ नये? मंडळाची नियमावली यंदा नोटरीकडे नव्याने नोंदवायची आहे. तिच्यात एक कलम घालतो: सलग आठ वर्षं समितीत असलेल्या कोणालाही पुन्हा पद घेता येणार नाही. काका आपोआप बाहेर. त्यानंतर ज्येष्ठ कोण? कोणाचं मनही दुखवायला नको.
जयंतीला वाचून दाखवलं. भेंडी चिरता चिरता म्हणाली, "अहो, तुम्ही किती वर्षं आहात समितीत?"
तिला मूळ मुद्दा सोडून बोलायची सवय आहे.

शनिवार, २१ जून
सोवळं आणि उपरणं इस्त्री करून ठेवलं. जयंतीला म्हटलं, पैठणी काढ. म्हणाली, "तीनदा काढली, तीनदा परत ठेवली. घड्यांवर विरायला लागलीय." काढली नाही.

रविवार, २९ जून. संध्याकाळी
सर्वसाधारण सभा. मी कलम मांडलं. लोकशाही, नवं रक्त वगैरे बोललो. टाळ्या. पहिला हात काकांनीच वर केला. म्हणाले, "विश्वासा, माझ्या मनातलं बोललास बघ. आता आपण दोघंही मोकळे!"
दोघंही?
सौमित्र बिनविरोध. उपाध्यक्षपदच रद्द. अ‍ॅपला लागत नाही म्हणे.
घरी बाडहूव्हडॉर्पला जाताना बसमध्ये जयंतीने माझी वर्षं बोटांवर मोजून दाखवली. अकरा.

गुरुवार, ३ जुलै
चहा पाच. एम्रेला सहज विचारलं, तो युवराज शेवटी गादीवर बसला ना?
"छे! वाट बघतच गेला. तू वाचलंस ना?"
म्हटलं, वरवर.

मंगळवार, २६ ऑगस्ट
एक चांगली बाजू इतके दिवस लक्षातच आली नव्हती. पद गेलं, म्हणजे पुठ्ठाही गेला! यंदा समोर उभं राहून आरती म्हणणार. खरं तर एवढंच हवं होतं. पूजेला बसायचा हट्ट माझा कधीच नव्हता.
जुना पुठ्ठा रद्दीच्या कंटेनरमध्ये टाकून आलो. परत आलो तर जयंतीने पैठणी काढून ठेवलेली. आपणहून.

शनिवार, ३० ऑगस्ट
मंडळाचा गणपती सुट्टीच्या दिवशी. पहिल्या रांगेत उभा राहिलो, शेजारी जयंती. पाटावर सौमित्र आणि त्याची बायको. आरती सुरू झाली. मूर्ती पितळेची, दरवर्षी तीच. तिचे डोळे अर्धवट मिटलेले आहेत. अकरा वर्षं मी ते उघडे समजत होतो.
दुसऱ्या कडव्याला कापूर पेटला. धुराची बारीक रेघ दाराकडे निघाली. तिकडे कोणी पाहिलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सौमित्र तबक हातात धरून म्हणाला, "विश्वासकाका, प्लीज!" काका मागून ओरडले, "विश्वासा, पळ!"
स्टूल जागेवरच होतं. पुठ्ठा नव्हता, म्हणून खांद्यावरचं उपरणं हलवलं. स्टूल डगमगायला लागलं, तर जयंतीने येऊन धरलं.
अलार्म वाजला नाही.
प्रसादाच्या वेळी सौमित्रने अ‍ॅपवर माझं नाव टाकलं. फायर सेफ्टी को-ऑर्डिनेटर. समितीबाहेरचं पद आहे, त्यामुळे आठ वर्षांचं कलम लागू नाही. कितीही वर्षं राहता येतं.
बसमध्ये जयंती म्हणाली, "चला, जोडीने उभे तरी राहिलो."
सोमवारी कामावरून जरा जाडसर पुठ्ठा आणायचा.