चिमणे, गाडी घेण्याआधी

प्रिय चिमणे,

तुझा मेसेज मिळाला. 'गाडी घेतोय गं, तू एवढं वाचलंयस त्यातलं, काय काय बघून घेऊ?' आणि शेवटी हसरा चेहरा. दवाखान्याच्या काउंटरवर बसून मी तो वाचला आणि मलाही हसू आलं. पुढच्या महिन्यात ज्याच्याशी लग्न करणार, त्याच्याच पहिल्या बायकोला गाडीचा सल्ला विचारतेस! हॉस्टेलमध्येही तू अशीच होतीस. माझा ड्रेस घालून जायचीस आणि इस्त्री कुठे ठेवलीय म्हणून मलाच हाक मारायचीस. असो. विचारलंच आहेस तर सांगते. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मध्येच 'जाऊ दे ना आता' म्हणतेस.

शोरूममध्ये शिरल्या शिरल्या तो छताची काच उघडून बघेल. आमच्या वेळीही तेच झालं. तिथली मुलगी बिचारी बाजूच्या एअरबॅगबद्दल सांगत होती, तर हा म्हणाला, "आम्ही काय शर्यतीत उतरणार आहोत?" ती हसली, मीही हसले, आणि आम्ही छताची काच आणि चकचकीत चाकं घेऊन घरी आलो. तू हसू नकोस. पुढच्या दोन एअरबॅगवर समाधान मानू नकोस, बाजूच्या हव्यात, खिडकीवर पडद्यासारख्या उघडतात त्याही हव्यात. धडकेच्या चाचणीत किती तारे मिळाले ते विचार. मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे असतात, दोन्ही विचार. शिवाय तारे मिळाले ते याच मॉडेलला का, की महागातल्याला, तेही विचार, कारण हे आपणहून कुणी सांगत नाही. मागच्या मधल्या सीटला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे ना बघ, नुसता कमरेचा चालत नाही. आणि मागच्या सीटच्या फटीत बोटं घालून लहान मुलांची सीट अडकवायचे हूक स्वतः चाचपून बघ. तुझी छकुली अजून बुटकी आहे. मोठ्यांचा बेल्ट तिच्या गळ्यावर येईल, तिला उंच करणारी सीट लागेलच.

पण चिमणे, हे झालं कंपनी काय देते त्याचं. घरी आणल्यावर तो काय काढतो, ते कुठल्याच जाहिरातीत नसतं. बेल्ट लावला नाही की गाडी टुंग टुंग करते ना, त्याने त्याचं डोकं उठायचं. म्हणून त्याने बाजारातून नुसत्या क्लिपा आणल्या होत्या. बेल्टच्या खाचेत क्लिप खोचली की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय. मी ती काढून फेकायची, दुसऱ्या दिवशी नवीन हजर. भांडून भांडून माझाच आवाज घरात टुंग टुंग वाटायला लागला होता.

त्या दिवशी त्याच्या मित्राकडे जेवायला निघालो होतो. माझ्या मांडीवर काचेचं मोठं भांडं. मी नीट बसायच्या आतच त्याने गाडी काढली. म्हटलं, "जरा थांब, ही क्लिप काढून बेल्ट लावू दे." तर म्हणाला, "अगं, दोन गल्ल्या पलीकडे जायचंय, तेवढ्यात मरत नाहीस." खरंच मेले नाही. वळणावर तो फोनमध्ये बघत होता आणि समोर टेम्पो उभा होता. भांडं माझ्या हातात फुटलं आणि काच उजव्या तळव्यातून आरपार गेली. दोन बोटं अजून वळत नाहीत, अंगठ्याला चिमटीची ताकद नाही. दातांच्या डॉक्टरला चिमटी नसली तर उरतं काय, ते तुला वेगळं सांगायला नको. त्याच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा तो पडद्यापलीकडे माझ्या भावाला सांगत होता, "किती वेळा सांगितलं हिला, ही बेल्ट लावतच नाही." पोलिसांनाही तेच सांगितलं. क्लिप तोवर गाडीतून नाहीशी झाली होती. मी खरं सांगितलं, तर भाऊ म्हणाला, आता उगाच त्याच्यावर ढकलू नकोस, तो आधीच खचलाय. मग तू आलीस. उशाशी बसलीस, माझे केस सारखे केलेस आणि म्हणालीस, "एवढा साधा बेल्ट लावायला काय होतं गं तुला?" हात गेल्याचं दुःख मी गिळलं, तुझं हे वाक्य अजून घशात आहे. नंतर तू त्याला डबे देऊ लागलीस, कारण बायको अंथरुणात आणि माणूस एकटा. पुढचं मी घटस्फोटाच्या कागदांवर डाव्या हाताने सही करत बघितलंच. आज दवाखान्याच्या पाटीवर नाव माझं आहे, आत खुर्चीपाशी दुसरी डॉक्टर उभी असते आणि मी बाहेर पेशंटचे नंबर लावते.

हे सगळं मी तुला लिहिणार नव्हते. बोलले असते तर जळते म्हणाली असतीस. पण गेल्या आठवड्यात तू कामासाठी बाहेरगावी होतीस, तेव्हा तुझी आई छकुलीला घेऊन आमच्या दवाखान्यात आली. ओठ आतून फाटलेला, पुढचा दात अर्धा तुटलेला. दुधाचा नव्हे, नुकताच आलेला पक्का दात. पायरीवरून पडली, असं आई म्हणाली, तुलाही तेच ठाऊक आहे. टाके घालताना मी तिला धरून बसले होते. आजी बाहेर गेल्यावर तिने माझी मान खाली ओढली आणि कानात सांगितलं, की ती काकांच्या गाडीत पुढच्या दोन सीटच्या मध्ये उभी होती आणि काकांनी ब्रेक मारला. आईला पायरीच सांगायची, असं काका म्हणाले. तुझ्या आईला मी काही बोलले नाही, ती त्याला आत्ताच जावईबापू म्हणायला लागलीय. सुजलेल्या ओठांनी छकुली मला विचारत होती, "मावशी, मी घट्ट धरायला हवं होतं ना? काका म्हणाले, माझीच चूक आहे." मी तिला सांगितलं, नाही गं राणी, तुझी काहीच चूक नाही. हे एवढंसं वाक्य मला कुणी म्हणालं नव्हतं, चिमणे. तू आज घरी गेलीस की तिला जवळ घे, रागावू नकोस, आणि मला फोन करायच्या आधी तिलाच विचार, काय झालं ते.

खूप रागावलेली, तरी तुझीच,
हॉस्टेलची सोबतीण