भिंतीपलीकडचा गिझर

३ डिसेंबर
ज्योत बसली! म्हणजे सासूबाई आंघोळीला गेल्या. जीव भांड्यात पडला.

दोघा भावांत घर वाटलं गेलं, मधोमध भिंत आली, पण अंगणातली गॅसची टाकी एकच राहिली. तिकडे गिझर लागला की इकडे माझी शेगडी मान टाकते. सासूबाई दिरांच्या वाटणीला. त्यांची मला एवढीच खबर. पलीकडे पाऊल टाकायचं नाही, असा ह्यांचा हुकूम.

४ डिसेंबर
भांडण कशावरून? लिहायलाही लाज वाटते. टाकीवर काटा आहे. हे म्हणाले, काटा दाब दाखवतो. भावजी म्हणाले, गॅस किती उरलाय ते दाखवतो. "तू मला शिकवणार?" — "दादा, डोळे तपासून घे!" बस्स. पुढच्याच आठवड्यात गवंडी हजर.

९ डिसेंबर
थंडी कडाक्याची. ज्योत दिवसभर मलूल. हे म्हणाले, "टाकीला थंडी वाजतेय." आणि स्वेटर घातला तिला. माझा! बटणं लागेनात, तर दोरीने आवळला.

१० डिसेंबर
भावजींनी पाहिलं. मग ते कसले मागे राहतात! रेग्युलेटरला मफलर गुंडाळला. दोन वेढे, वर गाठ. सध्या दोन्ही घरांत सगळ्यात नटलेली कोण, तर टाकी.

११ डिसेंबर
आज थोडक्यात वाचलो. दूध ठेवलं — ज्योत एकदम पिवळी, पातेल्याच्याही वर! मग विझली. मग वास. धावत जाऊन टाकीचा कॉक बंद केला आणि भिंतीपलीकडे ओरडले, "गिझर बंद करा! सगळे बाहेर या!"

सासूबाई ओल्या केसांनी आल्या, अंगाभोवती चादर. "बारीक झालीस गं." "तुम्हीसुद्धा." एवढंच बोलणं. लगेच हे मधे येऊन उभे.

१२ डिसेंबर
गॅसवाल्याने टाकी बघितली. "हिचं लग्नबिग्न ठरलंय का?"

मफलर सोडला. "रेग्युलेटरला श्वासाचं भोक असतं. तेच बांधून टाकलंत! मग त्याने दाब सांभाळायचा कसा?" मग स्वेटर. "माणूस आतून गरम असतो, म्हणून त्याला स्वेटर लागतो. टाकी कुठे गरम असते?"

दोघे भाऊ दोन बाजूंना, माना खाली. ह्यांनी तरी धीर केलाच — "पण काटा दाबाचाच ना?"

"काटा गॅस किती उरला ते सांगतो. आतल्या प्रोपेन गॅसचा दाब तर थंडी-उन्हावर चढतो-उतरतो."

भावजींचा चेहरा फुलला. तेवढ्यात गॅसवाला म्हणाला, "मफलर कुणाचा?"

१३ डिसेंबर
एका जुन्या रेग्युलेटरवर दोन घरं चालली होती, म्हणून दाब पुरत नव्हता म्हणे. आता टाकीवर एक नवा, शिवाय प्रत्येक घराला आपापला. गॅसवाला ऐटीत म्हणाला, "ताई, आता तिकडे काय वाटेल ते चालू द्या. तुमची ज्योत हलणारसुद्धा नाही."

हे खूश. मला मात्र चहा गोड लागेना.

१५ डिसेंबर
ज्योत निळी, ताठ. ढिम्म हलत नाही. आंघोळ झाली असेल का? न्हाणीघरात पाय तर घसरला नसेल? ह्यांना म्हटलं, "दाब जरा कमी करून घेऊ या का?" ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

१६ डिसेंबर
आजही हलली नाही.

१७ डिसेंबर
दार वाजलं. सासूबाई! हातात कपड्यांची पिशवी. "तुझा चहा चढला की माझा गिझर फुरफुरायचा. कळायचं, सूनबाई उठली. आता मेलं काहीच कळत नाही. मी इकडेच राहणार."

मागून भावजी त्यांची गादी घेऊन दारात अडकले. ह्यांनी मुकाट्याने दुसरं टोक धरलं.