बाराचं मशीन सोळावर

९ मार्च १९९४, बुधवार

अकराला लाईट गेली आणि सगळं पुसलं. तिसऱ्यांदा! स्क्रीनवर एक हिरवा ठिपका राहिला, मग तोही गेला.

लाईट भरवशाची सकाळी सात ते अकरा. चार तास. आणि या म्हाताऱ्या मशीनला माझं ज्वारीच्या प्लॉटांचं गणित संपवायला पाच तास लागतात. मधे थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय प्रोग्रामात नाही. प्रयोगात सोबत असलेल्या पंडितनं लिहिलेला प्रोग्राम. त्याला विचारावं तर तो नागपूरला.

कॉलेजच्या नव्या कॉम्प्युटरवर माझा नंबर जूनमध्ये. प्रबंध द्यायचा तीस एप्रिलला. माझे गाईड तात्याराव सर म्हणाले, "हे जुनं पडूनच आहे, घरी घेऊन जा." मावशीच्या माजघरात आणून ठेवलं. मावशी त्याला हळदकुंकू लावायला निघाली होती.

११ मार्च

स्टेशन रोडला सटवाजी मिस्त्रींकडे गेले. टीव्ही-रेडिओची दुरुस्ती करतात. तरुणपणी हैदराबादला शिकलेले. साठी ओलांडली असेल. कॉलेजची मशीनंही हेच उघडतात म्हणे.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, लाईट तर आपल्या हातात न्हाई. मशीनच जरा जोरात पळवू."

पळवता येतं! मला माहीतच नव्हतं.

आत चार पायांची पत्र्याची छोटी डबी असते – क्रिस्टल. तिच्या ठोक्यावर सगळं चालतं. आमच्या डबीवर चोवीस मेगाहर्ट्झ लिहिलेलं असणार, मशीन तिच्या निम्म्यानं म्हणजे बारानं चालतं. बत्तीसची डबी बसवली की सोळा. पाच तासांचे पावणेचार!

मी लगेच विचारलं, मग त्याहून मोठी का नाही बसवायची?

"आजच आलात अन् आजच उडायलाय? आस्ते आस्ते. जल्दी केली की चिप जळती, अन् ती आता मिळत न्हाई."

१२ मार्च

आज काही केलं नाही. पडून होते. मावशी म्हणाली, ऊन लागलं असेल. हो म्हणाले.

१४ मार्च

आज दोन महिने झाले. लिहूनच टाकते.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. पंडित पेढे घेऊन आला. डोळे लाल, सारखा हसत होता. त्याचे वडील सोळा वर्षं या एका बातमीची वाट बघत होते, मोर्चात डोकं फोडून घेतलं होतं त्यांनी. मी पेढा खाल्ला. अभिनंदन म्हणाले – जसं काही त्याचा नंबर आला होता!

मग त्यानं विचारलं, "मनकर्णा, तुझ्या घरी पेढा घेऊन येऊ का? तुझ्या दादांना द्यायला?"

मी गप्प बसले.

एवढंच झालं. भांडण नाही, काही नाही. मी विचार करत होते – बाप म्हणून दादा काय म्हणतील, भाऊ म्हणून चंद्रभान काय करील. दोघं शेताच्या बांधापलीकडचं काही बघत नाहीत. पण माझं गप्प बसणं त्यानं ऐकलं. दहा दिवसांनी चिठ्ठी. "नागपूरला नोकरी लागली. रजिस्टरं आणि फ्लॉप्या तुझ्याजवळ आहेत. प्रबंध पूर्ण कर." सही. बास.

तीन वर्षांची ओळख आणि चार ओळी.

दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

१७ मार्च

आज उघडलं! मिस्त्री घरी आले होते, पण पान्याला हात लावेनात. "तुमीच करा. उद्या मी नसलो तर?"

आधी सगळ्या आकड्यांच्या दोन-दोन फ्लॉप्या केल्या, एक मावशीच्या कपाटात. मग वायर पार भिंतीतून काढली. चप्पल काढून पत्र्याच्या पेटीला हात लावायचा, अंगातली वीज तिथं सोडायची, मगच आतल्या कशाला शिवायचं. डबी कुठल्या तोंडानं बसलीय त्याचं चित्र काढून ठेवलं – उलटी बसली तर खलास.

आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी वहीत लिहायला लावलं. एक असं गणित तयार ठेवायचं ज्याचं उत्तर आपण हातानं काढलेलं आहे. वेग वाढवला की आधी ते गणित द्यायचं. पुन्हा पुन्हा. उत्तर एका दशांशानं जरी हललं तरी मागं यायचं.

"चालायलंय म्हणून खरं बोलायलंय असं न्हाई," म्हणाले.

मी प्रबंधातल्या पालम गावच्या सहाच प्लॉटचं गणित घेतलं. कागदावर तीन वेळा केलं. आकडेमोड करताना डोकं शांत राहतं. दुसरं काही शिरत नाही.

२० मार्च, रविवार

बत्तीसची डबी मिस्त्रींनी कुठल्या तरी मोडक्या मशीनमधून काढून आणली. बसवली. बटण दाबलं.

चालू झालं!!

पालमचं गणित वीस वेळा दिलं. वीसही वेळा बरोबर. मधे दर दहा मिनिटांनी मिस्त्री चिपवर बोट ठेवायचे आणि मनातल्या मनात मोजायचे. पाचापर्यंत बोट टिकेना. मग चिपवर उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा पात्या-पात्यांचा तुकडा बसवला, खाली पांढरी पेस्ट. झाकण काढून टेबलफॅन लावला. मग बोट टिकलं.

मी हसले. कितीतरी दिवसांनी. आणि कुणाला तरी सांगावं म्हणून वळले.

२१ मार्च

त्याला सांगायचं होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

२३ मार्च

आज हावरेपणा केला. मिस्त्रींकडून चाळीसची डबी मागून आणली, म्हणजे मशीन विसावर. चालू झालं, पडदा लख्ख, कुठं अडखळणं नाही. पालमचं गणित दिलं. आठ वेळा बरोबर. नवव्या वेळी चुकलं! दिसायला तसंच – त्याच रकान्यात, त्याच डौलात, आणि साफ खोटं.

तपासलं नसतं तर तेच प्रबंधात गेलं असतं. लगेच डबी काढली. सोळावर परत. सोळा बास.

२६ मार्च, शनिवार

झालं!!! सातला सुरू केलं, पावणेअकराला संपलं. पंधरा मिनिटं शिल्लक ठेवून. मावशीला मिठी मारली. ती म्हणाली, "अगं, पोळी करपायलीय."

चार ठिकाणची रब्बी ज्वारी, दोन हंगाम. पालम आणि चुडावा मी केलं, परभणी आणि देवगाव फाटा पंडितनं. देवगाव म्हणजे आमचंच शेत. मीच दादांना गळ घातली होती, एक तुकडा द्या म्हणून. पण तिकडं जायचं पंडितकडं दिलं, कारण मी घरी गेले की माय स्थळांचं काढते.

छापून घेतलं. सगळीकडचे आकडे ठीक. देवगावचं काहीतरी विचित्र आलंय. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षात सगळे प्लॉट हुबेहूब सारखेच बदललेत, 'चूक' म्हणून जो आकडा यायला हवा तिथं शून्य. शेतात शून्य कधी येत नाही. पाखरं खातात, पाणी कमीजास्त लागतं.

सोळाचा वेग भोवला वाटतं.

२७ मार्च, होळी

मिस्त्रींकडे. दुकान बंद होतं, घरी गेले. पुरणाचं ताट पुढं आलं. शून्य दाखवलं.

"मशीन झूट बोललं असंल तर सगळीकडं बोललं असतं. एकाच गावाशी कशाला दुश्मनी धरंल?" मग म्हणाले, "शक असंल तर जुनी डबी लावून तेवढंच गाव करून बघा."

२९ मार्च

जुनी डबी लावली. बारावर. एकटं देवगाव – सव्वा तास. शून्य.

मग रजिस्टर काढलं. त्याचं अक्षर. ते त्यानंच भरलं, त्यानंच टाईप केलं, मी कधी उघडलं नव्हतं. कशाला उघडायचं?

पहिल्या वर्षी पहिला प्लॉट १८६० ग्रॅम, दुसऱ्या वर्षी १९००. दुसरा प्लॉट १७१५, मग १७५५. तिसरा २०४०, मग २०८०. चोवीसच्या चोवीस प्लॉट. प्रत्येकात चाळीस जास्त.

घरी बसून लिहिलेत.

मशीन खरं बोलत होतं.

३१ मार्च

त्याची पत्रं काढली. ९३ च्या जानेवारीतली, म्हणजे दुसऱ्या वर्षीची, देवगाव फाट्यावरून टाकलेली. "कणसं भरलीत. हुरडा आलाय. तुझ्या शेतात बसून तुला लिहितोय." ही पत्रं मी उशीखाली ठेवून झोपले आहे. झोपले आहे, देवा!

तो शेतात नव्हताच. कुठं होता मग? दुसरी कुणी? एवढं सोपं होतं मला फसवणं? आकडे खोटे, हुरडा खोटा. संक्रांतीचे लाल डोळे तरी खरे होते का?

मी गप्प बसले म्हणून दोन महिने स्वतःला कोसतेय. आणि हा खोटारडा! नागपुरात बसून हसत असेल.

१ एप्रिल

जेवले नाही.

३ एप्रिल

तात्याराव सरांना सांगितलं. त्यांना वाटलं होतं मी रडेन. मी नाही रडले. देवगाव गाळते म्हणाले, तीन ठिकाणांवर प्रबंध उभा राहतो.

सरांनी चष्मा काढून पुसला. "पंडित आठ वर्षं माझा विद्यार्थी. वजनकाटा रिकामा असताना सुद्धा तीनदा बघायचा. गाळायचं तर गाळा बाई. पण कारण लिहावं लागेल. शेत तुमचंच आहे ना? जाऊन विचारा त्या वर्षी तिथं काय झालं."

कारण मला माहीत आहे. तरी जाते.

६ एप्रिल

एसटीनं फाट्यावर उतरले. चंद्रभान गाडी घेऊन आला होता. दुसऱ्या साली ज्वारी कशी होती विचारलं तर म्हणाला, "लय दिवस झाले. काय ध्यानात ऱ्हायलंय?" आणि बैल हाकायला लागला.

दादांना विचारलं. ते उठून बाहेर गेले.

रात्री माय माझ्याशेजारी पडली. नुसता माझ्या केसांतून हात फिरवत होती.

७ एप्रिल, देवगाव

सकाळी दादा आणि चंद्रभान शेतात गेल्यावर माय बोलली.

"पयल्या साली नुसतं पंडित म्हणूनच ठावं होतं. आपल्याच ताटात जेवला. दुसऱ्या साली चंद्रभानला आडनाव कळालं, अन् तुमच्या दोघांचंबी. ज्वारी गुडघ्याएवढी झालती. तुझ्या दादानं त्याच्या म्होरं उभ्या ज्वारीत नांगर घातला. बांधावरूनच वापस लावलं त्याला. चंद्रभाननं हात टाकला. म्या बांधावरच उभी होते, पर तोंडातून शबूद निघाला न्हाई."

मी विचारलं, तो काय म्हणाला?

"ओठातून रगत यायलं होतं. ते पुसलं अन् माझ्यापाशी आला. म्हणला, मनकर्णाला हे कळू देऊ नका. तिचं घर तिला ऱ्हाऊ द्या."