टुस्सने खाल्लेल्या मनुका

एक्शो, १५ डिसेंबर

लाडक्या हिल्लेवी,

तिकडे उत्तर टोकाला, किरुनात, आता सूर्यच उगवत नसेल. लोकरीचे मोजे पोचले का? इथे बर्फ थोडंच आहे, पण अंगण निसरडं झालंय. आम्ही बरे आहोत.

फोन सोडून पत्र का, असं मनात आलं असेल. फोनवर बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून.

आधी टुस्सचं सांगते. घाबरू नकोस, तो आत्ता माझ्या पायाशी घोरतोय. लुसियाच्या सणाच्या आदल्या दिवशी मी केशरी पाव करत होते. लोणी आणायला तळघरात गेले आणि वर आले, तर मनुकांचं भांडं रिकामं आणि टुस्स मिशा चाटतोय. तशीच त्याला गाडीत घालून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लगेच आणलंत हे बरं केलंत. मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं जातात." त्याला उलटी करवली, सलाइन लावलं आणि ठेवून घेतलं. काल घरी सोडलं. रक्त तपासलं, सगळं ठीक आहे.

तू त्याचा विमा उतरवलास तेव्हा बाबा किती हसले होते! "माझ्या बापाने माझा नाही उतरवला, आणि या लुंग्यासुंग्याचा विमा!" तू तेव्हा समजावलं होतंस, की पिल्लू असतानाच उतरवायचा, एकदा दुखणं जडलं की त्या दुखण्याला कुणी विमा देत नाही. तुझंच खरं झालं. बिलाचा थोडा भाग आपण भरायचा होता, बाकीचं दवाखान्याने परस्पर कंपनीकडून घेतलं.

तुला आपला रास्क आठवतो? लुसियाला बाबा तुला ओट्यावर बसवायचे आणि दोघं मिळून त्याच्या पावातल्या मनुका वेचून काढायचात. बाबा विचारायचे, "कुत्र्याला काय द्यायचं नाही?" तू ओरडायचीस, "चॉकलेट! कांदा! द्राक्षं! मनुका!" "मग बिचाऱ्याने खायचं काय?" "उकडलेलं गाजर! बिया काढलेलं सफरचंद!" रास्क मध्येच भुंकायचा, आणि तुम्ही दोघं हसून लोळायचात. पिठाने माखलेलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तेव्हा मी रागवायचे. उगाच रागवायचे.

हिल्लेवी, मनुका टुस्सने आपणहून खाल्ल्या नव्हत्या. बाबा खुर्चीत बसून मूठमूठ त्याला भरवत होते. "खा रास्क, खा, सण आहे," म्हणत होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणी दिल्या?" तर बाबाच पुढे होऊन म्हणाले, "अहो, कुत्र्याला मनुका कधीच द्यायच्या नसतात. माझ्या मुलीला लहानपणीच शिकवलंय मी." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी येताना बाबांनी मला गाडीत तेच विचारलं, "गुन्वोर, खरं सांग, कुणी दिल्या?"

"मीच. लक्षात नाही राहिलं."

"कमाल आहे तुझी! इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतोय!" घरापर्यंत ते मला बोलत होते. मी ऐकून घेतलं. बऱ्याच दिवसांनी ते असे आपल्या जुन्या आवाजात रागावले होते.

वसंत ऋतूपासून बाबांचं हे असं चाललंय. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग दुकानातून परतायची वाट. वय झालं, असं मी तुला सांगत आले आणि स्वतःलाही. आता जानेवारीत त्यांना डॉक्टरांना दाखवणार आहे. टुस्सच्या तपासणीला जायचंय, एवढंच त्यांना माहीत आहे.

काल टुस्स आल्यावर त्यांनी स्वतः बटाटा आणि गाजर उकडलं. मीठ नाही, लोणी नाही. कुस्करून, फुंकर घालून भरवलं.

टुस्सला घेऊन जाऊ का, असं तू मागे विचारलं होतंस. नको, राहू दे. मनुका आता मी कुलपात ठेवते.

नाताळला सुट्टी नाही म्हणालीस, तेव्हा मी "काही हरकत नाही" म्हटलं होतं. हरकत आहे. आज सकाळी त्यांनी विचारलं, "हिल्लेवी कधी येणार?" अगदी नाव घेऊन विचारलं, हिल्लेवी.

नाव घेतायत तोवर ये.

तुझी,
आई