भिंगाचा वळ

९ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. आम्ही दोघे बरे आहोत. तूही बरी असशील.

मला घड्याळांच्या संग्रहालयात काम लागलं. तसबिरींवरची धूळ मऊ कुंचल्याने झटकायची, वरून खाली. परवा एक चुकून खालून वर झटकली की काय, या धास्तीने मी अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन पाहून आलो. हसू नकोस.

बाबांच्या दुकानात ज्या थोर घड्याळजीचं कॅलेंडर लटकतं, त्याची इथे तीन चित्रं आहेत. पहिलं दरबारी चित्रकाराचं: मखमली अंगरखा, हात लोण्यासारखे. कॅलेंडर यावरूनच छापलंय. दुसऱ्या चित्रकाराने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. त्याने पहिलं चित्र उतरवलं आणि पोट तेवढं पदरचं वाढवलं. तिसरं वहीएवढं, जिन्याखाली लावलेलं. ते त्याच्या बायकोने काढलंय. त्यात तो नुकताच कामावरून उठलाय, आणि दिवसभर भिंग लावून उजव्या डोळ्याभोवती गोल वळ उमटलाय. बाबांना उमटायचा तस्सा.

तू बाबांच्या चित्रात तो वळ रंगवलास, तेव्हा बाबा ओरडले होते, "दाखव गावभर, बाप घुबड आहे म्हणून!" आणि तू रंगांची पेटी उचलून घरातून गेलीस. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

काल जेवताना त्यांना या तिसऱ्या चित्राचं सांगितलं. घास हातातच राहिला.

"म्हणजे त्याचंही घुबड केलं म्हण की बायकोने!" खूप हसले. मग ताटाकडे बघत म्हणाले, "तिने माझं ते ठेवलंय का रे? की फाडलं?"

मला काय माहीत? मी भात वाढला.

ताई, वर 'बरे आहोत' लिहिलं ते पुरतं खरं नाही. बाबांचे हात थरथरतात. दुकान रोज उघडतात, गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणतात, पण कित्येक दिवसांत एकही घड्याळ उघडलेलं नाही. भिंग खणातच असतं. सकाळी चहा देताना मी मुद्दाम त्यांच्या डोळ्याकडे बघतो. वळ पुसट होत चाललाय.

तो पुरता जायच्या आत ये. रंग घेऊन ये. दुकानातली खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे वळवलेली आहे. मी नाही वळवली.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबा पाठीमागे उभे आहेत. म्हणतात, घुबडाचा आशीर्वाद लिही.