चार नव्हे, पाच ठोके

मुर्री, मंगळवार, १२ डिसेंबर २००६

डोक्यात अजून एक गाणं वाजून राहिलं आहे. लिहू कसं?

आज सायंकाळी विन्या त्याच्या नव्या गाण्याची सीडी घेऊन घरी आला. आमच्या रॉक बँडचा गायक, आता मुंबईत पोस्टरवर झळकतो. बारा वर्षं मी त्याच्या बाजूला गिटार वाजवली, मग तो गेला. वाटलं होतं, विसरला.

सगळे बँड चार मोजून गाणं सुरू करतात. आम्ही पाच. विन्या चौथ्यावर श्वास घेतो, म्हणून मी गिटारच्या लाकडावर पाचवा ठोका द्यायचो. लोक हसायचे.

सीडी लावली. एक, दोन, तीन, चार... आणि पाचवा! मुंबईच्या वादकाच्या हातून!

"काऊन रे, तिथंही पाच?" मी विचारलं.

"चारवर जमूनच नाही राहिलं. पण त्यायचा पाचवा पोकळ वाटते. पुढचं गाणं तूच वाजव. सोमवारी चाल माझ्यासंगं."

मी हो म्हटलं का? आठवतच नाही. बोटं मात्र तेव्हापासून टेबलावर ठोके देऊन राहिलीत.

आत्ता माझी बायको मंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "अजी, किती ठोकता? पाच झाले. बॅग भरू का?"