अकरावा प्रश्न

दि. ४ मार्च

प्रिय धाकटीस,
सलाम व अ. आ.

फोनवर बोललं की अम्मी कान टवकारते, म्हणून लिहून फोटो पाठवते आहे. तिच्या खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं. परक्या देशातलं हॉस्पिटल, पण जेवण हलाल, नमाजाची दिशा दाखवणारा बाण छतावर, कॅप्सूलचं वेष्टणसुद्धा चालणारं. नाव ठेवायला जागा नव्हती.

परवा मी औषधं आणायला खाली गेले आणि एका पुरुष वॉर्डबॉयने अम्मीचं अंग पुसलं. साठीचा बाप्या! ती जागी होती, पण गुंगीमुळे तोंडातून शब्द फुटेना. आपण फॉर्मवर स्पष्ट नकार दिला होता. दुभाषीबाईला, म्हणजे आमच्या गोडबोलीला, जाब विचारला, तर हसत म्हणाली, या वयात त्यांना काय कळतंय!

तेव्हापासून अम्मी कुणाला चादर हलवू देत नाही, मलाही नाही. ड्रेसिंग झालं नाही तर जखम चिघळेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्या वॉर्डबॉयला मी आजच धोबीखान्यात पाठवायला लावलं. आता गोडबोली. उद्या हॉस्पिटलच्या हलाल प्रमाणपत्रासाठी तपासनीस येताहेत, ते जेवणाइतकाच बायकांचा पडदाही तपासतात; त्यांच्यापुढे तिची सालटी काढते. फॉर्मची प्रत तुझ्या कपाटात आहे. ताबडतोब पाठव.

जावईबापूंना सलाम. लोभ आहेच, तो आळस सोडून वाढवावा.
तुझी आपा

दि. ४ मार्च, संध्याकाळ

ती. आपास,
सलाम वि. वि.

प्रत सापडली. आपा, आधी खुर्चीत बस. अकरावा प्रश्न असा आहे: ‘पुरुष कर्मचाऱ्याने अंग पुसल्यास आपली हरकत आहे का?’ त्यापुढे तुझ्या वळणदार अक्षरात, दोनदा अधोरेखित: ‘नाही. मुळीच नाही.’

तुला म्हणायचं होतं, पुरुष नको. पण लिहिलंस, हरकत नाही. मला आधी हसूच फुटलं. ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून तू माझे अर्धे मार्क कापायचीस ना! मग अम्मी डोळ्यांपुढे आली आणि हसू ओसरलं.

हे म्हणतात, कागद फाडून टाक, आपाचा राग कोण अंगावर घेईल? मी फाडलेला नाही. सोबत पाठवते. तू म्हणशील तसं.

रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी धाकटी

दि. ५ मार्च

प्रिय धाकटीस,
सलाम व अ. आ.

कागद तीनदा वाचला. तीस वर्षं लाल पेन्सिल चालवली आणि स्वतःच माती खाल्ली.

तरी तपासनिसांपुढे गेले. फॉर्म मीच टेबलावर ठेवला आणि ही चूक माझी, असं सांगितलं. वॉर्डबॉयला बोलावून घेतलं, सगळ्यांदेखत उभी राहून त्याची माफी मागितली. बिचारा माझ्यापेक्षा जास्त लाजला. गोडबोलीचा चेहरा खुलला. सुटले म्हणाली असेल मनात.

मग मी म्हटलं, फॉर्म माझा, पण वाक्य तुमचं. अम्मीबद्दल काय बोललात ते यांच्या भाषेत सांगा. तिने काहीतरी गुळमुळीत सांगितलं. तेवढी भाषा मला आता कळते. पुन्हा सांगा म्हटलं. तिसऱ्या खेपेला शब्दाला शब्द आला आणि तपासनिसांनी तो तसाच लिहून घेतला. प्रमाणपत्र अडकलंय, बाईला रुग्णांपासून हटवलंय. ती रडली. मी पाहत उभी राहिले. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

वर येऊन अम्मीला सगळं सांगितलं, फॉर्मसकट. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग स्वतःच चादर बाजूला केली आणि म्हणाली, आता रोज तूच पुसायचंस, आणि घरी पोचेपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाहीस.

आज जखम धुतली. स्वच्छ आहे. पाणी जरा गार लागलं असेल, पण ते मी विचारायचं नाही आणि ती सांगणार नाही.

घर गाठायला सतरा दिवस आहेत. तोवर तूच लिहीत जा.
तुझी आपा